तापातली झाडं

लाकूड चिरायच्या गिरणीच्या शाफ्टला तडा गेला त्याला आज बारावा दिवस, आणि या बारा दिवसांत घरात जेवढी भांडणं झाली तेवढी गिरणी चालू असताना बारा वर्षांत झाली नसतील. यात नवल काही नाही. पात्याच्या त्या कर्कश आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकूच जायचं नाही, आणि संध्याकाळी मोटर बंद व्हायची तेव्हा भांडायचं त्राण कुणाच्या अंगात उरलेलं नसायचं. घरची शांतता ही यंत्राची कृपा होती, हे यंत्र बंद पडल्यावर कळलं.

रविवारी दुपारी सूनबाईने सगळ्यांना गिरणीच्या शेडमध्येच बोलावलं. तिचा अनुभव असा की घरात बैठक भरली की सासरे आरामखुर्चीत डोळे मिटतात, आतेसासूबाईंना कुठलंतरी काम आठवतं, आणि उरतात ती आणि तिचा नवरा. नवऱ्याशी बैठक करायची तर त्यासाठी कप विसळायची काय गरज? म्हणून तिने दोन लाकडी घोड्यांवर एक रुंद फळी टाकली, वरचा भुसा फुंकला, चहाचा थर्मास आणि पाच कप मांडले, आणि मधोमध व्यापाऱ्याचा कागद ठेवून त्यावर एक मोठा नट वजन म्हणून ठेवला.

कागदात लिहिलेलं सगळ्यांना पाठ झालं होतं. व्यापारी उद्या सकाळी येणार होता. शेडमागचा अख्खा पाइनचा उतार त्याला पाहिजे होता, निवडून नाही, बुंध्यापासून सगळा, एकाच हंगामात. त्या बदल्यात तो नवी कोरी मशीन आणून, बसवून, चालू करून देणार होता. त्याला हो म्हणायचं की नाही एवढंच ठरवायचं होतं. आणि नाही म्हणायचं तर बाराच्या बारा कामगारांना सोमवारी सकाळी काय सांगायचं, हेही.

"आबा, जपून. कप भरलाय," सूनबाई म्हणाली.

आबांनी डाव्या हाताने कप धरला. मागच्या वर्षीच्या झटक्यानंतर उजवा हात त्यांचं ऐकत नव्हता आणि उजवा पाय ऐकायचा तो अर्धवट. पण आवाज शाबूत होता. चाळीस वर्षं गिरणीच्या आवाजावर ओरडून कमावलेला आवाज, तो असा जातो कुठे.

"मी हो म्हणतोय," आबा म्हणाले. "त्यात बोलण्यासारखं काय आहे? बाबांनी झाडं लावली ती गिरणीसाठी. आज गिरणी अडलीय. बाबा असते तर त्यांनी स्वतः कुऱ्हाड उचलली असती."

"तेच तर मी म्हणतोय कधीपासून," थोरला म्हणाला. आबांचा हा मोठा मुलगा आता गिरणी सांभाळत होता आणि बारा दिवसांत त्याची दाढी वाढून तो पॉलिश पेपरसारखा खरखरीत दिसायला लागला होता. "मग मला कशाला धारेवर धरलंत सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी नाही, मी धरलं," सूनबाई म्हणाली. "आणि मीही हो म्हणतेय. फक्त नंतर कुणी कुरकुर करायची नाही, म्हणून सगळ्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आत्याबाई, तुम्ही?"

शेडच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात, आत्या पात्याला धार लावत बसली होती. आबांची ही धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत घरात एकाच माणसाने केली होती, त्याला तिने कानस दाखवली होती. चाळीस वर्षं गिरणीचं एकेक पातं तिच्या हातून गेलेलं होतं. चिरलेल्या फळीवरून बोट फिरवून कुठला दात बोथट झालाय ते ती सांगायची. आता गिरणीच बंद, पाती सगळी धारदार, तरी ती रोज येऊन त्याच पात्यांवर कानस चालवत होती.

"तुमचं ठरलंय ना," आत्या म्हणाली. "मग झालं."

सूनबाईला ते उत्तर आवडलं नाही. पंचवीस वर्षं ती या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात वावरलेली. आत्या चहात साखर कमी पडली तरी स्पष्ट सांगायची, आणि उताराचा विषय निघाला की मात्र मूग गिळून बसायची. बारा दिवसांत तिच्या तोंडून उतार हा शब्द एकदाही निघाला नव्हता. पण व्यापारी उद्या यायचा होता आणि कुणाच्या मनात शिरून बसायला सूनबाईला वेळ नव्हता.

"मग झालं," तीही म्हणाली आणि चहा ओतू लागली.

आबांना मात्र तेवढ्यावर संपवायचं नव्हतं. उतार जाणार असेल तर त्याच्यामागे चार शब्द तरी बोलले जावेत, असं त्यांना वाटत होतं. कप ठेवून ते खाकरले. थोरल्याने बायकोकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, ऐका, आज शेवटचं.

"मी तेव्हा सतरा वर्षांचा," आबांनी सुरुवात केली. "नदीपलीकडच्या गिरणीत काम शिकायला गेलेलो. इकडे बाबा तापाने फणफणलेले. आणि नेमकी त्याच आठवड्यात रोपवाटिकेची गाडी आली. नऊशे रोपं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. मुळं उघडी. आठ-दहा दिवसांत मातीत गेली नाहीत तर…"

"सगळी चुलीत," थोरला ओठांतल्या ओठांत म्हणाला. पुढचा शब्द त्याला माहीत होता.

"सगळी चुलीत! मग काय केलं बाबांनी? अंगात एकशे तीन ताप, उठले, कुदळ घेतली आणि गेले उतारावर. एकट्याने लावली. चार पावलांवर एक रोप, हा त्यांचा नेम. पण तापात मोजणी चुकली आणि झाडं पडली जवळजवळ. रोपवाटिकेवाला हसला, गाव हसलं. तापातली झाडं म्हणून नाव पडलं. आणि पुढे काय झालं? दाटीमुळे एकेक झाड उजेडासाठी सरळसोट वर गेलं. फांद्या कमी, म्हणून गाठी कमी. आज लांबलांबून सुतार येतात आणि विचारतात, तापातलं लाकूड आहे का? बाबांना हे बघायला मिळालं नाही, एवढंच."

आबांचे डोळे पाणावले. दरवेळी इथेच पाणावायचे. पण लग्नात, बारशात, ट्रक भरताना, बँकेच्या साहेबासमोर, शेकडो वेळा सांगूनही ते पाणी खोटं नव्हतं. सतरा वर्षांच्या त्या मुलाला वडील आजारी असताना घरी नव्हतो याची जी चुटपुट लागली होती, ती या गोष्टीत येऊन दरवेळी थोडी शांत व्हायची.

तेवढ्यात धाकटी आली.

धाकटी म्हणजे आबांची मुलगी, जमिनीच्या मोजणीचं काम करणारी. थोरला तिला टेपबाई म्हणायचा. व्यापाऱ्याला झाडांचा आकडा द्यायचा म्हणून तिला बोलावलं होतं आणि तीन दिवस ती उतारावरच होती. बुटांना चिखल, केसांत पाइनच्या सुया, आणि चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद. तो आनंदच नडला. शेडमध्ये कुठला सूर चाललाय हे बघण्याआधीच ती बोलून बसली.

"सहाशे बारा उभी आहेत. पण ते सोडा. आबा, आजोबा किती उंच होते हो?"

"सहा फूट दोन इंच," आबा अभिमानाने म्हणाले. "जुन्या शेडच्या दारातून वाकून यायचे."

"तेच तर. वरच्या सपाटीवरची झाडं त्यांचीच ना? तिथे मी मोजलं. बरोबर तीन मीटर. इंचभर इकडचं तिकडे नाही. म्हणजे त्यांची चार पावलं तीन मीटर. आणि उतारावर किती? सव्वादोन!"

"ताप होता त्यांना," आबा म्हणाले. "आत्ताच सांगितलं मी."

"पण तापातला माणूस कसाही चालेल ना? एक झाड लांब, एक जवळ. हे तसं नाहीये. हे अगदी शिस्तीत आहे." तिने वही उघडून फळीवर ठेवली. "आधी सव्वादोन. मग दोन. मग पावणेदोन. आणि पुढे एकदम परत सव्वादोन. मला वाटलं टेप बिघडला. परत मोजलं. असं नऊ वेळा होतं, आबा. नऊ! म्हणजे नऊ दिवस लागवड चालली. सकाळी पाय ताजे, पावलं मोठी. संध्याकाळी पाय दमले, पावलं आखडली."

"मग दमले असतील बाबा."

"सहा फुटी माणूस कितीही दमला तरी सकाळचं पहिलं पाऊल एवढं लहान टाकणार नाही. ही पावलं आजोबांची नाहीत. कुणातरी मुलाची आहेत. दहा-अकरा वर्षांच्या."

"घ्या," थोरला म्हणाला. "आता टेपबाई झाडं मोजून माणसांची वयं सांगायला लागल्या. पुढच्या खेपेला पत्रिका पण मांड."

कुणी हसलं नाही. धाकटीच्या लक्षात आलं की शेडमध्ये मघापासून चाललेला कानशीचा आवाज थांबलाय. तिला एकदम आपण काय करून बसलो ते कळलं. त्या वेळी या घरात दहा-अकरा वर्षांचं एकच मूल होतं, आणि ते आता खिडकीजवळ मांडीवर हात ठेवून बसलं होतं.

"दहा," आत्या म्हणाली. "अकरावं लागायला दोन महिने होते."

तिने पातं नीट बाजूला ठेवलं, बोटांवरचा लोखंडाचा कीस पुसला. इतकी वर्षं हा दिवस येणार नाही असं ती धरून चालली होती. आला, तर तो असा, चिखलाच्या बुटांनी, तिच्याच लाडक्या भाचीच्या पायांनी यावा? पण तिला राग आला नाही. पोरीने तिची पावलं ओळखली होती. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. तसं म्हटलं तर तिला आयुष्यात इतकं नीट कुणीच बघितलं नव्हतं.

"बाबांना उठताच येत नव्हतं," ती म्हणाली. "आई त्यांच्या उशापासून हलत नव्हती. गाडीवाला गोणपाटं टाकून निघून गेला. बाबा मला म्हणाले, रोज पाणी मार, मी उठलो की लावतो. मी पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी मुळांची टोकं तपकिरी झालेली दिसली. मी विचारलं, बाबा, किती अंतरावर लावतात? ते म्हणाले, चार पावलांवर एक. तापात होते, त्यांना वाटलं मी उगाच विचारतेय. मी गेले आणि चार पावलं मोजली."

"तुझी," धाकटी हळूच म्हणाली.

"मग कुणाची मोजणार? माझेच पाय होते माझ्याजवळ." आत्या किंचित हसली. "कुणाची पावलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही. नऊ दिवस लागले. हाताची सालं निघाली. आई रात्री फडकी बांधायची आणि म्हणायची, बास आता. मी म्हणायचे, दोनशे राहिलीत."

आबा तिच्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात फळीची कड घट्ट धरून होता.

"बाबा उठले ते पंधरा दिवसांनी. आईच्या खांद्यावर हात टाकून उतारावर आले. मी पुढे पळत होते, हे बघा, हे बघा करत. त्यांनी एका रोपापासून चार पावलं टाकली आणि पुढच्या रोपाला ओलांडून गेले. तिथेच उभे राहिले. तेव्हा मला कळलं. मी रडायला लागले. ते काहीच बोलले नाहीत. एक सोडून एक उपटायला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तेही नाही. संध्याकाळी रोपवाटिकेवाला आला, हसायला लागला, म्हणाला, हा काय भाजीचा वाफा लावलाय? मी दाराआड उभी. आणि बाबा म्हणाले, ताप होता मला, मोजण्यात माझी चूक झाली."

शेडच्या पत्र्यावर पाइनची एक सुकी फांदी घासत होती. बारा दिवसांपूर्वी हा आवाज कुणाला ऐकू आला नसता.

"त्यांनी माझी चूक आपल्या नावावर घेतली," आत्या म्हणाली. "लोक त्यांना हसले, त्यांनी हसून घेतलं. नंतर त्या चुकीचं कौतुक व्हायला लागलं तेव्हा ते उरले नव्हते. मग मी काय करू? हसू त्यांनी घेतलं आणि कौतुक मी घेऊ?"

"आणि मी?" आबांचा तो कमावलेला आवाज एकदम बारीक झाला. "छप्पन वर्षं झाली त्याला, आणि मी खोटं सांगत फिरलो. तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"भाऊ…"

"एकदा तरी म्हणायचं होतंस. एकदा!"

त्यांनी काठी घेतली. थोरला हात द्यायला पुढे आला तर त्याला कोपराने बाजूला सारलं आणि ते शेडबाहेर पडले. सगळ्यांना वाटलं घराकडे जातील. पण काठीचा आवाज उजवीकडे वळला, चढाकडे.

"झालं तुझं समाधान?" थोरला बहिणीवर उसळला. "आज सांगायची गरज होती? उद्या सकाळी माणूस येतोय!"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काय माहीत होतं, दादा? मला वाटलं, गंमत आहे."

"तिच्यावर कशाला ओरडताय?" सूनबाई मध्ये पडली, आणि थोरल्याने चमकून बघितलं, कारण नणंदेची बाजू घेण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी. "वन्संनी मोजायचं काम केलं, मोजून दाखवलं. चुकलं आपलं. बारा दिवस आपण बोलतोय, आजोबा असते तर काय म्हणाले असते, आजोबांना काय आवडलं असतं. आणि लावणारं माणूस इथे कोपऱ्यात कानस घासतंय!"

"तूच मघाशी म्हणालीस, हो म्हणतेय म्हणून."

"म्हणाले. आता नाही म्हणत. माझं तोंड आहे, मी बदलेन."

 बायको विरुद्ध गेली की थोरला आधी चिडायचा आणि मग विचार करायचा, आणि आज तर चिडायचंही बळ नव्हतं. त्याने आत्याकडे बघितलं. लहानपणी पात्याच्या आवाजाला तो घाबरायचा, तेव्हा हिने त्याच्या कानांवर हात ठेवून त्याला यंत्राजवळ उभं केलं होतं. रोज थोडा थोडा वेळ, भीती जाईपर्यंत. त्या हातांवर सालं निघाल्याचे व्रण होते का? त्याला आठवेना. त्याने कधी बघितलंच नव्हतं.

तो तिच्यासमोर भुशातच बसला. "आत्या, तुला काय पाहिजे? खरं सांग. मशीनचं मी बघतो काय ते."

 हा प्रश्न आत्याला कुणी विचारेल यासाठी तिची तयारी नव्हती. उतार गेला तर सकाळी उठून खिडकीतून काय बघायचं, हे ती बारा दिवस स्वतःला विचारत होती, आणि स्वतःलाच दटावत होती की बारा घरांच्या चुलींपुढे एका बाईची खिडकी कुठे मोजायची.

"आधी भाऊशी बोलते," ती म्हणाली. "त्याच्या मागे नाही सांगायचं मला."

"मी येते सोबत," सूनबाई म्हणाली. "चिखल आहे."

"तू थांब, बाई. नदीपलीकडची ती बंद पडलेली गिरणी. तिथली मशीन विकायची आहे असं तू म्हणत होतीस ना पहिल्या दिवशी? थोरल्याला परत सांग. तेव्हा त्याने ऐकलं नव्हतं."

थोरला कुरकुरला, "जुनी मशीन म्हणजे रोजचं एक दुखणं."

"दुखणी मी बघेन," आत्या म्हणाली आणि बाहेर पडली.

आबा फार लांब गेले नव्हते. तेवढा चढ चढायलाच त्यांना दम लागला होता. पहिल्या ओळीतल्या झाडाला टेकून ते उभे होते. खोड इतकं सरळ की त्यांची वाकलेली पाठ त्याच्याशी जुळत नव्हती. वर वारा होता, खाली अगदी शांत. आत्या येऊन दोन हात अंतरावर थांबली. लहानपणी तो रागावला की ती अशीच थांबायची.

"का नाही सांगितलंस?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"आधी लाज वाटायची. आईलाही मी सांगू दिलं नाही. मग बाबा गेले. मग तू गोष्ट सांगायला लागलास. तू इतकी छान सांगायचास, भाऊ. कुदळ घेतली आणि गेले उतारावर, असं म्हणालास की मला खरंच दिसायचे. धडधाकट. तेवढ्यापुरते बाबा परत यायचे. मला ते ऐकायला आवडायचं. ते मोडून मला काय मिळणार होतं?"

आबांनी तोंड पुसलं. 

"मी इथे असतो तर मी लावली असती," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"तुझे हात सोलले, आणि मी तिकडे मजेत मशीनचे पट्टे बदलायला शिकत होतो."

"मजेत कुठे? रडून पत्रं पाठवायचास. आईने सगळी ठेवली होती."

आबांना हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि त्यांनी दोन्ही लपवलं नाही. "छप्पन वर्षांत तुला काही मागताना बघितलं नाही मी," ते म्हणाले. "आज माग. हा उतार तुझा. उद्या त्या माणसाला काय सांगायचं?"

आत्याने वर बघितलं. उत्तर तिच्याजवळ फार दिवसांपासून होतं. ती घाईघाईत बोलली.

"त्याला नाही सांग. सगळी नको तोडूस. एक सोडून एक काढ. बाबांनी तेव्हा माझ्यासाठी उपटली नाहीत, ती आता आपण काढू. त्या लाकडाच्या पैशात ती जुनी मशीन येईल. राहिलेल्यांना जागा मिळेल, ती भरतील. ती आपल्याला बघायला मिळायची नाहीत, पण थोरल्याच्या पोरांना मिळतील."

"एवढंच?"

"एवढंच. पण कुठलं ठेवायचं ते मी दाखवणार."

"तू नाही तर कोण दाखवणार?" आबांनी खाली शेडच्या दिशेने तोंड केलं आणि आवाज लावला, तो जुना, यंत्रावरून पलीकडे जाणारा. "अरे ए! व्यापाऱ्याला फोन कर! येऊ नको म्हणावं! एक सोडून एक काढायची आहेत, आपण आणि आपली माणसं काढणार! ऐकलंस का?"

शेडच्या दारात तिघंही उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. थोरल्याने हात वर केला. सूनबाईने आधीच फोन कानाला लावला होता.

"चल," आबा म्हणाले. "आज एक ओळ तरी बघू." त्यांनी झाडाला टाच लावली, काठी टेकली आणि पाय उचलला. "एक."

"अरे, अंधार पडायला वेळ आहे. सावकाश."

"गप गं. मोजतोय. दोन."

उजवा पाय जरा ओढत, काठी टेकत ते चालत होते. एके काळी हा माणूस वडिलांसारखीच ढांगा टाकायचा आणि ती मागून पळायची. "तीन," ते म्हणाले, आणि मोठा श्वास घेऊन, "चार." काठी सोडून त्यांनी हात पुढे केला, तो सरळ पुढच्या झाडाच्या खोडावर टेकला.

त्यांनी हाताकडे बघितलं, मागच्या झाडाकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"चारच आहेत की गं," आबा म्हणाले. "बरोबर लावलीस."

छप्पन वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती पुढे झाली, तिने खाली पडलेली काठी उचलली, पण त्यांच्या हातात दिली नाही. स्वतःचा हात दिला. मग दोघं पुढच्या झाडापर्यंत मोजत गेली.